सेन्सरच्या चाचणीत बसलो, आकडा मात्र एकदाही दिसला नाही

दुधनाकाठ (सेलू)
सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा. बिनसाखरेचा.

मला शुगर निघून नऊ वर्षं झाली. दोन्ही वेळच्या गोळ्या, आणि दीड वर्षापासून रात्री इन्सुलिन. दुकान कृषी सेवा केंद्राचं. हंगामात जेवणाचा पत्ता नसतो आणि बिगरहंगामात जेवणाशिवाय दुसरं काम नसतं. एप्रिलमध्ये संभाजीनगरच्या डॉक्टरांनी विचारलं, "शुगर मोजणाऱ्या एका नव्या सेन्सरची चाचणी सुरू आहे, बसता का? दंडाला लावायचा, चौदा दिवस ठेवायचा." टोचून टोचून बोटांची चाळणी झालेली. हो म्हणालो.

सेन्सर म्हणजे स्वेटरच्या मोठ्या बटणाएवढी चकती. दंडाच्या मागच्या बाजूला लावतात, शाळेत गुरुजी जिथं चिमटा काढायचे बरोबर तिथं. शिक्क्यासारखं एक यंत्र टेकवून दाबलं की टक् आवाज होतो, सुई आत जाऊन लगेच बाहेर येते. मागे राहते ती अर्ध्या सेंटिमीटरची बारीक लवचिक तार. दुखलं नाही. त्या आवाजालाच मी जास्त दचकलो, सिस्टर हसल्या.

खरी चाचणी पुढं. चौदापैकी दोन दिवस सकाळी सात ते संध्याकाळी पाच दवाखान्यात मुक्काम. एका हाताला सलाईनला लावतात तसलं इंट्राकॅथ आणि तो हात शेकायच्या पिशवीत. बाहेर मे महिना, त्रेचाळीस अंश, आणि मी हात शेकत बसलेला! कारण विचारलं तर म्हणाले, हात गरम ठेवला की शिरेतलं रक्त धमनीतल्या रक्ताच्या जवळ जातं, तुलना पक्की होते. दर पंधरा मिनिटांनी सिस्टर रक्त काढायच्या, शेजारच्या खोलीतल्या मशीनवर लावायला द्यायच्या आणि भिंतीवरचं घड्याळ बघून वेळ टिपायच्या, मिनिटासकट. मध्येच वजन करून दिलेला उपमा, वर ग्लुकोजचं पाणी. नऊ वर्षं जे करू नका म्हणून डॉक्टर ओरडले, ते त्यांनीच समोर बसून करायला लावलं. शुगर मुद्दाम चढवायची, मग उतरू द्यायची, आणि सेन्सर रक्ताबरोबर चालतो की मागं रेंगाळतो ते बघायचं.

या सगळ्यात सेन्सरचा आकडा मला एकदाही दिसला नाही. यंत्र सगळं साठवून ठेवतं, पण पेशंटला दाखवत नाही. का, तर आकडा दिसला की माणूस एक पोळी कमी खातो किंवा दोन चकरा जास्त मारतो, आणि मग मोजायचं ते बाजूलाच राहतं. पटलं. तरी चौदा दिवस दंडावर मिरवून हाती काहीच नाही म्हणजे परीक्षा देऊन निकाल राखून ठेवल्यासारखं वाटलं.

तोंडाला चव लागली होती. आता या महिन्यात बाजारातला एक सेन्सर घेतला, पाच हजाराच्या आसपास पडला. दोनशे पानी वही केली, डाव्या रकान्यात सेन्सर, उजव्यात ग्लुकोमीटरवरचं बोटाचं रक्त. पहिला दिवस सोडला तर बरं चाललं होतं. महालक्ष्म्यांच्या पुरणपोळीचा डोंगर सुद्धा दोघांनी सारखाच दाखवला, दोन तासांनी २३०च्या वर.

आणि काल दुपारी चार वाजता, जालन्याच्या एका मित्राने मोसंबीची पिशवी आणली. दुकानातच सोलून दोन खाल्ल्या. दहा मिनिटांनी वहीचा नेम म्हणून मोजलं. सेन्सर १५१. बोट २६७.

एकशेसोळाचा फरक! आता सांगा, पाच हजार पाण्यात का नाही?

हुरडापार्टी (नांदेड)
सोमवार, रात्री १०.०५

दोन मोसंब्या खाऊन सेन्सरला शिव्या देयलाव का काका. मित्राला द्या की.

बाकी मी वाचायलाव. आमच्या अण्णाला पण लावायचा विचार चालू आहे.

आकडेमोड (पाथरी)
सोमवार, रात्री ११.१५

दुधनाकाठ, वही ठेवलीत म्हणून आधी नमस्कार. शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे रकाने दिसले की हात शिवशिवतात.

सेन्सरची तार रक्तात नसते. ती कातडीखाली, पेशींच्या मधल्या पाण्यात असते. साखर आधी रक्तात येते, मग तिथून झिरपत त्या पाण्यात. जायकवाडीचं आवर्तन सुटलं की पैठणला त्याच दिवशी पाणी दिसतं, आमच्या टेलच्या चारीला कधी? तसंच हे. इथं फक्त पाच ते पंधरा मिनिटांत पोचतं आणि वाटेत कुणी मोटर टाकून उपसत नाही. शुगर स्थिर असेल तर दोन्ही आकडे जवळजवळ येतात. चढत असेल तर सेन्सर मागं म्हणजे कमी दाखवतो, उतरत असेल तर जास्त. म्हणून आकड्याशेजारचा बाण बघायचा. १५१ आणि बाण सरळ वर, याचा अर्थ रक्त १५१च्या पुढं कधीच निघून गेलंय.

आता तुमच्यावर दवाखान्यात जे झालं त्याचं गणित. प्रत्येक वेळी दोन आकडे मिळतात, लॅबचा आणि त्याच मिनिटाचा सेन्सरचा. समजा चार जोड्या आल्या: १४२ ला १२८, १९८ ला १७१, ९६ ला १०१, ६४ ला ७५. लॅबच्या आकड्याच्या किती टक्के चुकला ते काढा, अधिक-उणे विसरा. ९.९, १३.६, ५.२, १७.२. सरासरी साडेअकराच्या आसपास. हाच तो 'एमएआरडी', जो सगळ्या कंपन्या जाहिरातीत मिरवतात. खऱ्या चाचणीत अशा चार नाही, हजारो जोड्या असतात. युरोपात २०१४ साली आलेल्या पहिल्या फ्रीस्टाइल लिब्रे सेन्सरचा हा आकडा साधारण ११.४ होता. पुढच्या पिढीत, लिब्रे २ घ्या किंवा डेक्सकॉम जी६, तो नऊच्या आसपास आला.

पण माझ्या चार जोड्यांत शेवटची बघा. लॅब म्हणते ६४, म्हणजे शुगर लो, तोंडात काहीतरी टाका. सेन्सर म्हणतो ७५, निवांत बसा. सरासरीत ती जोडी गुपचूप लपून गेली. वर्गाची सरासरी साठ आहे म्हणून कुणी नापास नाही असं थोडंच असतं! यावर उपाय म्हणून १९८७ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या क्लार्क आणि सहकाऱ्यांनी एक चौकट आखली, एरर ग्रिड. आडव्या रेघेवर लॅबचा आकडा, उभ्या रेघेवर यंत्राचा, आणि कागदावर ए ते ई असे पाच पट्टे. किती चुकलं यापेक्षा त्या चुकीवर विश्वासून माणूस काय करून बसेल, यावर पट्टा ठरतो. लॅबमध्ये २५० आणि सेन्सरवर २१० आलं तर चूक चाळीसची, पण तुम्ही कराल तेच जे करायला हवं होतं. पट्टा ए. लॅबमध्ये ६० आणि सेन्सरवर १९० आलं तर लो शुगरवर इन्सुलिन मारून घ्याल. पट्टा ई. नव्या सेन्सरचे कागद कधी हाती आले तर मी आधी हे बघेन, आणि त्यातही ७०च्या खालचे ठिपके.

तुमच्या १५१-२६७ चं मात्र मला कोडं आहे. चारीचं पाणी कितीही उशिरा आलं तरी दहा मिनिटांत एकशेसोळाचा फरक जरा जास्तच होतो. बाण कुठं होता?

दुधनाकाठ
मंगळवार, सकाळी ७.२०

बाण तिरका वर. सरळ वर नाही.

माहूरचा_डोंगर (माहूर)
मंगळवार, सकाळी ८.००

सगळं शास्त्र बरोबर असेल. मला साधा प्रश्न पडतो. ही यंत्रं उद्या विकली जाणार मुंबई-पुण्याच्या श्रीमंतांना. मग प्रयोग आपल्या दंडावर का? शुगर मुद्दाम चढवली म्हणता. काही झालं असतं तर?

दुधनाकाठ
मंगळवार, दुपारी २.१०

माहूरकर, प्रश्न चुकीचा नाही. मीही घरात हेच ऐकलं, बायकोकडून, तीन दिवस.

काय झालं ते आहे तसं सांगतो. सहीचे कागद अठरा पानांचे, मराठीत होते. पहिल्या दिवशी एका पोराने ती अठरा पानं दहा मिनिटांत वाचून दाखवली आणि पेन पुढं केला. खताच्या कंपनीचा करारही मी एवढ्या घाईत सही करत नाही. म्हणालो, घरी नेतो. त्याचं तोंड उतरलं, पण नेऊ दिले, कारण नियमानं नाही म्हणता येत नाही. मुलीने बसून सगळं वाचलं. त्यात लिहिलं होतं की कुठल्याही दिवशी, कारण न देता बाहेर पडता येईल आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबणार नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि नुकसानभरपाई. नीतिशास्त्र समितीचा फोन नंबर, चाचणीचा नोंदणी क्रमांक. सीटीआरआय म्हणून सरकारी संकेतस्थळ आहे, तिथं देशातल्या चाचण्यांची नोंद होते, औषध नियंत्रकांनी २००९ पासून ती सक्तीची केली. पोरीने क्रमांक टाकून बघितला, सापडला. नसता सापडला तर मी गेलो नसतो. उपकरणांसाठी २०१७चे वेगळे नियमही आहेत, त्यात अशा चाचणीला परवानगी लागते.

चढवताना डॉक्टर खुर्ची सोडून हलले नाहीत. मिळालं काय म्हणाल तर एसटीचं भाडं, जेवण, दिवसाचा मोबदला. श्रीमंत होण्याइतका नाही.

आणि प्रयोग आपल्या दंडावर का, तर मला उलट वाटतं. सेन्सर बर्लिनच्या थंडीत तपासून परभणीच्या मे महिन्यात विकला तर तो इथं चिकटून तरी राहील का, हे कोण सांगणार? चाचणीत माझा नवव्या दिवशी घामानं अर्धा सुटला. त्यांनी लगेच टेप मारली आणि वहीत लिहून घेतलं. ते लिहिलं जावं म्हणून तरी आपल्याकडचे दंड तिथं पाहिजेत.

माहूरचा_डोंगर
मंगळवार, दुपारी ४.३०

दहा मिनिटांत अठरा पानं. हेच म्हणत होतो मी. तुमची पोरगी शिकलेली म्हणून निभावलं. आमच्या तांड्यावरच्या म्हातारीनं अंगठा दिला असता.

दुधनाकाठ
मंगळवार, दुपारी ४.४५

हे मान्य.

वसमतची_हळद (वसमत)
मंगळवार, रात्री १०.३०

नमस्कार. मी या धाग्यावर फक्त वाचायला आले होते, पण राहवलं नाही.

माझी मुलगी अकरा वर्षांची. सहाव्या वर्षी टाइप वन निघाला. टाइप वन म्हणजे स्वतःचं इन्सुलिन बनतच नाही, दिवसातून चार-पाच वेळा टोचावंच लागतं. तुम्हा मोठ्यांसाठी सेन्सर हौस असेल, आमच्या घरात तो रात्रीची झोप आहे. आधी मी रात्री दोनचा गजर लावून उठायचे आणि टॉर्चच्या उजेडात तिचं बोट धरायचे. झोपेतच हात मागं घ्यायची ती.

पण त्याचीही सवय व्हावी लागते. लावल्यावर पाचव्या रात्री पावणेतीनला गजर. ५४. मी धावत जाऊन तिला उठवलं, साखरेचं पाणी पाजलं, वर ग्लुकोज बिस्किटं. सकाळी शुगर २८०. आठवडाभर हाच प्रकार, शुगर सगळी विसकटली. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, ती कुठल्या कुशीवर झोपते? डाव्या. सेन्सर डावीकडे. अंगाखाली दबला की तिथलं पाणी बाजूला सारलं जातं आणि सेन्सरला वाटतं साखर संपली. आता उजव्या दंडावर लावतो. गजर झाला तर आधी तिला कूस बदलायला लावते आणि बोट बघते. मात्र ती घामाघूम असेल, हात थरथरत असेल, तर आकडा काहीही असो, आधी साखर. तेव्हा मोजत बसायचं नाही.

खर्चाचं कुणी बोललं नाही. चौदा दिवसांचा एक, म्हणजे वर्षाला सव्वीस. गुणाकार आकडेमोड सरांनी करावा, मी केला की छातीत धडधडतं. आम्ही एक महिना लावतो, एक महिना बोट टोचायच्या पट्ट्यांवर काढतो. शाळेच्या परीक्षा असतील तो महिना सेन्सरचा.

आकडेमोड
मंगळवार, रात्री १०.५०

ताई, पाच हजाराने एक लाख तीस हजार. गुणाकार करायला नको होता.

पानचक्की (छत्रपती संभाजीनगर)
बुधवार, सकाळी ६.४५

रमजानमधला अनुभव जोडतो. अब्बा सत्तरीचे, शुगर वीस वर्षांची, रोजे सोडायला तयार नाहीत. दरवर्षी आमचा एकच वाद: दिवसा शुगर तपासा म्हटलं की म्हणायचे, रक्त काढलं तर रोजा तुटतो. मौलानांना विचारलं, त्यांनी स्पष्ट सांगितलं, तुटत नाही. तरी अब्बांचं समाधान होईना. सेन्सर लावल्यावर वादच मिटला, रक्तच नाही तर काय बोलणार!

डॉक्टरांनी दोन आकडे कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवायला सांगितले. ७०च्या खाली गेली किंवा ३००च्या वर गेली की रोजा सोडायचा, चर्चा नाही. चौदा दिवसांत एकदाच वेळ आली, असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजच्या सुमारास ६६. अब्बांनी बोट टोचून खात्री करून घेतली, ६८ आली, मग गपचूप खजूर खाल्ला.

मजा म्हणजे आम्ही घाबरत होतो दुपारला, आणि गडबड निघाली इफ्तारला. पाच खजूर, रूहअफजा, भजी, वरून फ्रूट सॅलड. तासाभरानंतरचा आलेख म्हणजे दौलताबादचा किल्ला, सरळसोट कडा. वीस वर्षं सकाळी उपाशीपोटी एकदा मोजत होतो, तो किल्ला कधी दिसलाच नव्हता. आता खजूर एक, शरबत बंद, जेवण नमाजनंतर. किल्ल्याची टेकडी झाली.

हुरडापार्टी
बुधवार, सकाळी ९.१०

आमच्यात एकादशी अन् दुप्पट खाशी आहेच की. साबुदाण्याच्या खिचडीचा आलेख कुणी काढला असंल तर टाका, आईला दाखवायचाय.

आणि मेन प्रश्न. अण्णासाठी एक घड्याळ बघायलाव, अडीच हजारात. सुई नाही, तार नाही, नुसतं मनगटाला बांधायचं, शुगर दाखवतंय म्हणे. मग पाच हजाराचं बटण कशाला?

स्पिरिट_कापूस (लातूर)
बुधवार, रात्री ११.३०

बावीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. दिवसभर लोकांची रक्तं काढून रात्री तुमचा धागा वाचतेय, यावरून माझ्या आयुष्याची कल्पना करा.

आधी घड्याळ. हुरडापार्टी, घेऊ नका. आमच्या लॅबमधल्या पोराने तसलंच एक दुधी भोपळ्याला बांधलं होतं. भोपळ्याची शुगर १०८, अगदी नॉर्मल. २१ फेब्रुवारी २०२४ ला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध खात्याने, जाहीर इशारा दिला, की कातडीला छिद्र न पाडता शुगर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. प्रयत्न करणारे मोठमोठे लोक आहेत. गुगलने २०१४ ला डोळ्यात घालायच्या लेन्सची घोषणा केली होती, अश्रूंमधून साखर मोजायची. २०१८ ला काम थांबवलं, अश्रूंतली साखर रक्ताशी जुळेना. हे इतकं अवघड का? मोठ्या माणसाच्या अंगात पाचेक लिटर रक्त. शुगर १०० असेल, म्हणजे शंभर मिली रक्तात शंभर मिलिग्रॅम, तर त्या सगळ्या रक्तात मिळून साखर पाच ग्रॅम, एक चमचा. कातडी, चरबी, पाणी, घाम यांच्या पलीकडून उजेड मारून तो एक चमचा मोजायचा, आणि तोही पाव चमचा कमी झाला की ओळखायचं. अण्णा इन्सुलिनवर असतील आणि त्या घड्याळाच्या भरवशावर डोस ठरवला तर फार महागात पडेल.

तार मात्र प्रामाणिक असते, कारण ती साखरेला शिवते. तारेवर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम बसवलेलं असतं. साखर आली की ते तिच्यावर काम करतं, त्यातून बारीकसा विजेचा प्रवाह निघतो, जेवढी साखर तेवढा प्रवाह. एन्झाइम आणि विजेची ही जोडगोळी क्लार्क नावाच्या शास्त्रज्ञाने १९६२ मध्ये सुचवली. (एरर ग्रिडवाले क्लार्क वेगळे. या खात्यात क्लार्क फार.) बऱ्याच ग्लुकोमीटरच्या पट्टीवरही हेच एन्झाइम असतं. त्यामुळे सेन्सरमध्ये नवं काय, तर ते एन्झाइम घामाच्या, तापाच्या अंगात चौदा दिवस जिवंत ठेवणं. याच कारणानं काही वस्तू त्याला चकवतात. कोरोनापासून लोक व्हिटॅमिन सीच्या गोळ्या चघळतात ना, ५०० मिलिग्रॅमच्या वर गेलात तर काही सेन्सर शुगर वाढीव दाखवतात. डब्यातलं पत्रक वाचा. तापमानही वाचा. मी पाहिलेल्या सेन्सरच्या पुस्तिकेत वापरायची मर्यादा १० ते ४५ अंश आहे, आणि साठवायची त्याहून बरीच खाली. उन्हाळ्यात एसटीच्या टपावरच्या पार्सलमधून आलेला सेन्सर मी तरी लावणार नाही.

आता दुधनाकाठ, तुमची मोसंबी. परवापासून वाचतेय, सगळे सेन्सरलाच उलटतपासणी करताहेत. ग्लुकोमीटरला कुणी प्रश्नच विचारला नाही. तो काय लॅब आहे? त्याच्या आंतरराष्ट्रीय मानकातच, आयएसओ १५१९७ मध्ये, शंभरच्या वरच्या शुगरला पंधरा टक्के इकडं-तिकडं चालतं. म्हणजे खरी २०० असेल तर १७० पण पास आणि २३० पण पास. मोंढ्यात एक पोतं दोन काट्यांवर टाकलं आणि वजन जुळलं नाही, तर खोटा कुठला काटा हे तिसरा प्रमाणित काटा आणल्याशिवाय कळतं का? दवाखान्यात तुमचं रक्त दर पंधरा मिनिटांनी मोठ्या मशीनवर का नेत होते, आता कळलं असेल. घरच्या वहीत तो तिसरा काटाच नाही.

आणि एक सरळ प्रश्न. मोसंबी सोलल्यावर हात धुतले होते का?

दुधनाकाठ
गुरुवार, सकाळी ६.५५

दुकानात पाणी कुठलं. पण स्पिरिटच्या कापसाने बोट पुसलं होतं की.

स्पिरिट_कापूस
गुरुवार, सकाळी ७.१०

माझंच नाव घेऊन माझीच बदनामी. पुसून भागत नाही. सालीचा रस बोटाच्या रेषांमध्ये बसतो. रक्ताचा थेंब केवढा, त्यात रसाचा अंश मिसळला तरी पट्टी बिचारी तीही साखरच मोजते. नळाखाली धुवायचे, कोरडे करायचे, मग टोचायचं. लॅबमध्ये उपाशी आलेल्या माणसाची बोटाची शुगर भलतीच आली की मी आधी त्याचे हात हुंगते. हसू नका. एकदा केळ्याचा वास आला होता.

हुरडापार्टी
गुरुवार, सकाळी ७.४०

घड्याळ कॅन्सल. भोपळ्याची शुगर अण्णापेक्षा चांगली निघाली.

आकडेमोड
गुरुवार, सकाळी ८.०५

आणि मी चारी, आवर्तन, टेल करत बसलो. दुधनाकाठ, एक प्रयोग होऊन जाऊ द्या. मोसंबी सोला, खाऊ नका. तीन बोटं, तीन पट्ट्या: न धुता, स्पिरिट लावून, धुऊन.

माहूरचा_डोंगर
गुरुवार, सकाळी ८.१५

सहीचा कागद दिला का त्यांना?

दुधनाकाठ
शुक्रवार, रात्री ९.००

केला. घरीच, जेवणानंतर तीन तासांनी, म्हणजे शुगर हलती नव्हती. बाण आडवा. साक्षीदार मुलगी, वही तिच्याकडे. एक मोसंबी दोन्ही हातांनी सोलली, शिरा काढून फोडी वाटीत टाकल्या. बोटं चिकट झाली.

न धुता, मधलं बोट: २४३.
स्पिरिटनं एकदा पुसून, करंगळीशेजारचं: १९२.
मग मोरीत जाऊन साबणानं दोन्ही हात धुतले, टॉवेलला पुसले, तेच मधलं बोट दुसऱ्या बाजूनं: १४६.
सेन्सर तिन्ही वेळेला १३९, १३९, १४०.

पट्ट्या विसाच्या भावाने साठ रुपये गेले. मुलगी म्हणाली, बाबा, नऊ वर्षांत दुकानात मोजलेल्या किती आकड्यांवर डॉक्टरांनी गोळी वाढवली असेल? मी जुनी वही काढली. दुपारचे आकडे सगळे दुकानातले. हंगामात तर गुळाच्या चहाचा कप नाहीतर पेढ्याचा पुडा कायम टेबलावर. उद्या वही घेऊन संभाजीनगरला जातोय, डॉक्टरांपुढं ठेवतो, ते बघतील काय ते. तोवर गोळी-इन्सुलिनला मी स्वतः हात लावलेला नाही, काळजी नसावी.

दुकानाबाहेर आज एक रांजण आणि मग ठेवला. गिऱ्हाइकांना वाटतंय पाणपोई काढली.

हुरडापार्टी
शुक्रवार, रात्री ९.१२

आणि वाटीतल्या फोडी?

दुधनाकाठ
शुक्रवार, रात्री ९.१५

मुलीनं खाल्ल्या. हात धुऊन.